लादीच्या पोटातली वाळू

बर्फाची लादी बाहेरून आत गोठते. आधी डब्याच्या पत्र्याला टेकलेलं पाणी, मग त्याच्या आतलं, मग त्याच्याही आतलं. गोठणारं पाणी कुणालाच आपल्यात घेत नाही. गंज, कचरा, वाळू, जे काही असेल ते पुढे ढकलत नेतं आणि शेवटी मधोमध कोंडून टाकतं. त्यामुळे लादी बाहेरून काचेसारखी लखलखते आणि तिच्या पोटात काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही.

दिघीच्या खाडीवर हे सगळ्यांना माहीत आहे.

नुरुद्दीनचाचांना जरा जास्तच.

*

चाचांच्या अकरा होड्या. दरवर्षी मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली की पहिल्या दिवशी ते कमळच्या बर्फखान्यात येतात, स्वतःच्या हाताने एक लादी निवडतात, धक्क्यावरच्या काळ्या दगडावर ती फोडतात आणि पोटातला तुकडा तोंडात टाकून चावतात. ह्याला खाडीवर "पोट बघणं" म्हणतात. दाताखाली काही लागलं नाही, तर वर्षभर अकराच्या अकरा होड्या इथे बर्फ भरणार. लागलं, तर नाही.

आजवर कधी लागलं नव्हतं.

मे महिन्यात विहिरीचं पाणी आटलं म्हणून कमळने विहिरीच्या तळात बोअर मारून घेतली. पाणी भरपूर आलं. सोबत वाळूही आली. बंदीच्या आधीच्या शेवटच्या फेरीत त्या बर्फाने चाचांच्या पापलेटांची चंदेरी कातडी खरवडून काढली, आणि म्हसळ्याच्या व्यापाऱ्याने ती पापलेटं उचलून विचारलं, "ह्यांना काय घासणीने घासलंत?"

चाचा त्याच दिवशी बर्फखान्यात आले. रागावले नाहीत. चहा प्यायले, दुसरा मागितला, आणि जाताना म्हणाले, "कमळबाई, ऑगस्टच्या एक तारखेला पोट बघीन. कचकच लागली तर होड्या पलीकडे आगरदांड्याला बर्फ भरतील. दिल में कुछ रखना मत."

अकरा होड्या गेल्या तर उरतात तीन. तीन होड्यांसाठी कॉम्प्रेसर चालवणं म्हणजे एका माणसाच्या चहासाठी लग्नातलं पातेलं चढवणं. त्या दिवसापासून बर्फखान्याची चावी कमळ कमरेला न लावता हातात धरून हिंडायला लागली, जशी काही कुणाला तरी द्यायचीच आहे.

*

एक तारीख गुरुवारी.

त्याच्या आधीच्या गुरुवारी आगरदांड्याहून येणाऱ्या फेरीबोटीवर दोन रिक्षा, एक शेळी, कोंबड्यांचा टेम्पो आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक लांबुळकं काहीतरी होतं. वर जाड, खाली निमुळतं. त्याच्या शेजारी प्राप्ती उभी होती आणि त्याला टेकायला आलेल्या शेळीला ढकलत होती.

प्राप्ती कमळची मुलगी. वय सव्वीस, मेकॅनिकलचा डिप्लोमा. वडील, जीवन, तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून मशीन तिच्याकडे आणि माणसं आईकडे, अशी वाटणी.

धक्क्यावर कमळ आणि धर्मा वाट बघत होते. धर्मा मूळचा उरणचा. त्याचं सगळं तारुण्य मिठागरात गेलं. मिठागर बंद पडलं तेव्हा जीवनने त्याला दिघीला आणलं. गेली बावीस वर्षं बर्फखान्यातलं पाणी तो बघतो. टाकीत चढतो, तळ झाडतो, डबे भरतो, ज्यात डबे बुडवून बर्फ गोठवतात ते मोठ्या टाकीतलं मिठाचं पाणी जिभेला लावून कमी-जास्त सांगतो.

त्याने गोणपाट वर करून बघितलं.

"ह्ये काय हाय गो?"

"सेपरेटर, काका. पाण्यातली वाळू काढतो."

"गाजर दिसतंय."

"दिसू दे."

"आत जाली हाय का?"

"जाळी नाही."

"कापड?"

"नाही."

"मोटर तरी?"

"काहीच नाही. आत पोकळ आहे."

धर्माने गाजराला टिचकी मारली. आत खरंच पोकळ होतं. तो कमळकडे वळला. "वयनी, पोरीनं रिकामा डबा इकत आनलाय."

*

प्रत्यक्षात डब्याच्या आत असं होतं:

पाणी सरळ आत शिरत नाही, कडेने शिरतं, भिंतीला घासून,
आणि भिंत गोल, म्हणून तेही गोल फिरतं, जोरात, गरगर,
जड असेल ते भिंतीकडे फेकलं जातं,
हलकं असेल ते मधे राहतं,
खाली भिंत निमुळती,
फेरा लहान,
वेग मोठा,
वाळू भिंतीवरून
घसरत
घसरत
खाली
भांड्यात.

आणि वाळू टाकून मोकळं झालेलं पाणी मधल्या वाटेने वर चढून वरच्या पाईपने बाहेर.

एवढंच.

*

हे गाजर प्राप्तीला सुचवलं उझैरने. उझैर तिच्या वर्गातला, आता दोहाला एका कूलिंग प्लँटवर. तिकडे उंच इमारतींना थंड करणारं पाणी फिरतं, त्यातली रेती असल्याच पोकळ डब्यांनी काढतात. तो नुरुद्दीनचाचांचा सख्खा भाचा, त्यामुळे सगळा कारभार गुपचूप.

"मामूला सांगू नकोस हां मी मदत करतोय," तो म्हणाला होता. "म्हणेल, घरचाच पोरगा फितूर झाला."

उझैरची एक खोड होती. तो लिहायचा नाही, बोलून पाठवायचा. गाजर निघालं त्या दिवशी त्याने पाठवलेला निरोप अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचा होता. पहिल्या चार मिनिटांत पाईप कुठून जोडायचा, गाजराच्या आधीचा पाण्याच्या दाबाचा काटा कुठे, नंतरचा काटा कुठे, खालचं भांडं कसं बसवायचं, हे सगळं आलं. पाचव्या मिनिटाला तो त्याच्या खोलीतल्या मल्याळी माणसाच्या मासळीच्या कालवणावर घसरला. प्राप्तीने तिथे ऐकणं थांबवलं आणि पाना हातात घेतला.

एक गोष्ट मात्र झाली. उझैर त्या यंत्राला सायक्लोन म्हणायचा. कमळने तो शब्द फोनमधून ऐकला आणि आवारात बोलायला बंदी घातली. चार वर्षांपूर्वी ह्याच नावाच्या पाहुण्याने बर्फखान्याचे सतरा पत्रे उडवून खाडीत टाकले होते. "गाजर म्हणा," ती म्हणाली. "गाजराने कुणाचं काही नेलं नाही."

*

टाकीजवळची भिंत. धर्माच्या खडूने:

शुक्र. आत अडीच. भाहेर दोन. पोरगी हजर. भांडं अर्धी वाटी रेती.

शनि सकाळ. आत तीन. भाहेर तीन. भांडं रिकामं. पानी बेस.

शनि दुपार. आत तीन. भाहेर तीन. भांडं रिकामं.

रवि. आत तीन. भाहेर तीन. चिमूट रेती. गाजर शांत.

*

शनिवारी प्राप्तीने ती भिंत वाचली आणि आनंदाने आईला हाक मारली. "आई! भांडं रिकामं! वाळू येणंच बंद झालं!"

कमळने चावी पुन्हा कमरेला लावली.

त्याच सकाळी नमुन्यासाठी बारा डबे भरून मिठाच्या पाण्यात सोडले होते. लादी गोठायला दोन दिवस. सोमवारी सकाळी पहिली लादी वर काढली. एवढी नितळ, की पलीकडे उभ्या असलेल्या धर्माच्या सदऱ्याची बटणं मोजता येत होती. फक्त मधोमध, कण्यासारखी, एक पांढुरकी रेघ.

"ती तर नेहमीच असते," कमळ म्हणाली.

प्राप्तीने हातोडी मारली. रेघेतला तुकडा तोंडात टाकला.

कच.

तिने दुसरा टाकला.

कच कच.

कमळने टाकला. धर्माने टाकला. तिघं एकमेकांकडे बघत उभे राहिले, तिघांचे गाल फुगलेले, कुणी थुंकेना.

शेवटी धर्मा थुंकला. "हाय," तो म्हणाला.

कमळने चावी कमरेची काढून हातात घेतली.

*

सोमवार सकाळचे दहा. गुरुवारी सकाळी लाद्या हव्यात तर मंगळवारी पहाटेच्या आत डबे भरून पाण्यात जायला हवेत. सगळे एकशे वीस.

गाजर बनवणाऱ्या कंपनीचा फोन लागला नाही. दुसरा नंबर लागला, तो एका ब्यूटी पार्लरचा निघाला. तिथल्या बाईने सगळं मन लावून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आमच्याकडे फक्त चेहऱ्यावरची घाण काढतात, ताई."

प्राप्ती टाकीच्या शिडीवर बसली आणि उझैरचा निरोप पहिल्यापासून लावला. ह्या वेळी थांबवला नाही. कालवण आलं. कालवणात कोकमाऐवजी काय घालतात ते आलं. उझैरच्या अम्मीचं कालवण कसं वेगळं ते आलं. मग नवव्या मिनिटाला, तोंड पुसता पुसता असावं असा आवाज:

"...हां, आणि एक मेन गोष्ट. दोन काट्यांत फरक दिसला पाहिजे. अर्धा किलो दाबाचा धरून चाल. फरक म्हणजे पाणी फिरतंय. दोन्ही काटे सारखे आले ना, तर समज पाणी आत येऊन नुसतं आरामात बाहेर चाललंय, वाळूला घेऊन. पाणी पळालं नाही तर हा डबा म्हणजे नुसता डबा. काय? हां, तर मी कोकमाचं सांगत होतो..."

प्राप्तीने भिंतीकडे बघितलं.

आत तीन. भाहेर तीन. आत तीन. भाहेर तीन.

आणि शुक्रवारी, ती स्वतः उभी होती तेव्हा: आत अडीच, भाहेर दोन. भांडं अर्धी वाटी रेती.

तिच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. बावीस वर्षं टाकीचा तळ झाडणारा माणूस. वाळूच आली नाही तर तळ कोण झाडणार? गाजराला पहिल्या दिवशी टिचकी मारून रिकामा डबा म्हणाला होता. मी जरा हलले की ह्याने...

"काका!"

*

"काय गो? वरडतेस कशाला?"

"गाजराच्या पुढचा पाण्याचा वॉल कुणी फिरवला?"

"मी."

त्याने इतकं सहज सांगितलं की प्राप्ती शिडीवरून खाली उतरली.

"कधी?"

"रोज. तू गेलीस का मी बारीक करतो. पाव ठेवतो, बाकी बंद."

"का पण?"

"अगो, किती जोरात सोरतेस तू पानी! बिचारं धावून धावून गडूल व्हतं. मी मिठागरातला मानूस हाय. पानी धावलं का मीठ काळं. पानी निजलं का सगलं आपलं आपलं खाली बसतं. माज्या बापानं मला पयली गोष्ट तीच शिकवली, पान्याला दमवू नको." तो भिंतीकडे अभिमानाने वळला. "आनि बग, दोनी काटे सारखे आले! शुक्रवारी दोघांचं भांडन व्हतं. मी मिटवलं."

कमळ दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. ती रडते आहे असं प्राप्तीला वाटलं. ती हसत होती.

"भावोजी," ती म्हणाली, "ते भांडणच विकत आणलं होतं हो आपण."

*

समजावणं सोपं नव्हतं. धर्मा खोटं बोलत नव्हता आणि चूकही बोलत नव्हता. मिठागरात पाणी निजायलाच हवं. त्याचा बाप, आजा, सगळे निजलेल्या पाण्यावर जगले.

"काका, टाकीत पाणी दोन दिवस निजलं तर वाळू बसेल, बरोबर. पण आपल्याकडे दोन दिवस कुठे आहेत? इथे वाळू बसवायची नाही. फेकायची."

"फेकायची? पान्यानं?"

"बघा." प्राप्तीने स्टीलचा पेला घेतला, पाणी घातलं, लादीतली चिमूटभर वाळू टाकली आणि चमच्याने गरगर फिरवलं. "आता बघा हां, वाळू बाहेर, कडेला जाणार."

तिघांनी पेल्यात डोकावलं.

वाळू तळाशी, बरोब्बर मधोमध, छान छोटा ढीग करून बसली.

धर्मा एवढा हसला की त्याला शिडी धरावी लागली. "गेली! कडेला गेली! वयनी, बगा, कड हिकडं मदी आलीय!"

"पेल्याला तळ आहे म्हणून तसं होतं!" प्राप्ती तावातावाने म्हणाली. "गाजराला सपाट तळ नाही!"

"मग पेला कशाला घेतलास?"

हाच प्रश्न तिने डिप्लोमाच्या परीक्षेतही सोडून दिला होता.

मग तिने दिवसभरातलं एकमेव शहाणपणाचं काम केलं. तिने धर्माच्या हातात घड्याळ दिलं.

"दहा मिनिटं तुमच्या पद्धतीने. मग दहा मिनिटं माझ्या. भांडं तुम्ही काढा. मी हात लावत नाही."

*

धर्माची दहा मिनिटं.

वॉल पाव. काटे तीन आणि तीन. पंप दूर कुठेतरी गुणगुणतो. पाणी टाकीत पडतं ते बोटाएवढ्या धारेने, आवाज न करता. कमळ दोन केळी खाते. धर्मा भांडं काढतो, बादलीत उलटं करतो. तळाला चिकटलेले पाच-सहा कण. तो त्यांना नखाने मोजतो.

"बग. साफ पानी."

"थांबा. अजून माझी व्हायची आहेत."

*

प्राप्तीची दहा मिनिटं.

वॉल पूर्ण.

गाजर थरथरलं. पहिला काटा अडीचवर उतरला, दुसरा दोनवर, आणि दोघं तिथेच हट्टाने उभे राहिले. टाकीत पाणी धबाधबा पडायला लागलं. धर्माचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याच्या नातवाला पळवतंय. त्याचा हात दोनदा वॉलकडे गेला, दोनदा कमळने तो मागे घेतला.

तिसऱ्यांदा हात वॉलकडे गेला नाही. गाजराच्या निमुळत्या भागावर गेला. तळहात टेकला. मग त्याने मान वाकवून कान टेकला.

"गप," तो म्हणाला. कुणी बोलत नव्हतं तरी.

पत्र्याच्या आतून, भिंतीला लागून, काहीतरी फिरत खाली चाललं होतं. कोरड्या तांदळासारखा आवाज. वर जाड, खाली बारीक. किर्र, किर्र, किर्र, आणि खाली एक लहानसं टप.

"उतरतेय," धर्मा म्हणाला.

"काय?"

"रेती उतरतेय गो. आयकू येतेय." त्याने डोळे मिटले. "मी तीन दिवस ह्याच्यावर कान ठेवला. गाजर शांत, गाजर शांत, म्हनून खूश व्हतो. शांत कसं न्हाय ऱ्हानार? रेती गाजरात उतरतच नव्हती. माज्या टाकीत चालली व्हती."

दहा मिनिटं झाली. त्याने भांडं काढलं आणि बादलीत उलटं केलं.

थप.

ओंजळभर. लालसर, टोकदार, डोंगरातली.

धर्मा बादलीजवळ उकिडवा बसला. मग त्याने बोट बुडवलं, सवयीने जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"रिकामं भांडं," तो म्हणाला. "आनि मी लिवलं, पानी बेस." त्याने भिंतीकडे बघितलं, खडूच्या चार ओळींकडे. पुसायला हात उचलला, पण पुसल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे. लिवलं ते लिवलं."

प्राप्तीला मघाशी मनात आलेलं आठवलं. ती म्हणाली, "काका, मी उझैरचा निरोप चार मिनिटांवर बंद केला होता. नवव्या मिनिटाला सगळं होतं."

"पाच मिनिटं तुजी, तीन दिवस माजे," धर्मा उठत म्हणाला. "चल. टाकी उतरवायची हाय."

*

सोमवारी दुपारी टाकी रिकामी झाली. धर्मा आत उतरला आणि तळ झाडला, प्राप्तीही उतरली, आणि कमळ वरून सूचना देत राहिली, ज्या कुणी ऐकल्या नाहीत.

तीन वाजता वॉल पूर्ण.

धर्माने गाजराशेजारी खुर्ची टाकली. तास झाला की भांडं काढायचं, थप, परत लावायचं. मधल्या वेळात कान. आवाज जरा बदलला की "भांडं भरलं" म्हणायचा, आणि उघडलं की भरलेलंच असायचं.

"काटे बघा ना काका."

"काटे तुला. मला कान हायेत."

दिवे लागायच्या वेळेला एकशे वीस डबे भरून मिठाच्या पाण्यात गेले. भिंतीवर नवी ओळ आली: सोम. आत अडीच. भाहेर दोन. भांडन चालू. रेती चौदा ओंजळ.

*

मंगळवार. गोठतंय.

बुधवार. गोठतंय. कमळ दोनदा झाकण उघडून बघून आली. धर्मा म्हणाला, "वयनी, अंड्यावर बसल्यासारखं नका करू."

*

गुरुवारी झिमझिम होती. धक्क्यावर अकरा होड्या रंग देऊन, झेंडे लावून, पोटं रिकामी ठेवून उभ्या. नुरुद्दीनचाचा छत्री घेऊन आले. पांढरा सदरा, हातात हातोडी, आणि मागे चाळीस माणसं, कारण पोट बघणं बघायला सगळेच येतात.

चाचांनी रांगेतून फिरून एक लादी निवडली. कमळ चावी ह्या हातातून त्या हातात करत होती.

"थांबा चाचा," धर्मा म्हणाला. "यक लादी माजीपन बगा."

तो लाद्या साठवायच्या भुशाच्या खोलीत गेला आणि आकड्याने एक लादी ओढत घेऊन आला. प्राप्तीने ती ओळखली. शनिवारच्या बारा लाद्यांतली. तिने त्या सगळ्या खाडीत टाकायला सांगितल्या होत्या. त्याने अकरा टाकल्या होत्या.

"काका, ही नको!" ती दातओठ खात कुजबुजली.

"गप गो." मग मोठ्याने, चाळीस माणसांना ऐकू जाईल असं: "चाचा, ही लादी माजी. ती पोरीची. पानी तेच, हीर तीच, गाजर तेच. मी पानी हळू सोरलं, तिनं जोरात. फोडा."

चाचांनी भुवया उंचावल्या. आधी धर्माची फोडली. तुकडा तोंडात टाकला. कच. मागच्या माणसांनाही ऐकू आलं असावं, कारण चाळीसच्या चाळीस माना पुढे आल्या. चाचा छत्रीच्या बाहेर वाकून थुंकले.

"तौबा."

मग दुसरी. एकाच घावात दोन भाग झाले. मधे रेघ होती, पण पांढरी नव्हती; नुसता बुडबुड्यांचा धूर. चाचांनी तिथलाच तुकडा काढला, तोंडात टाकला आणि चावायला लागले.

चावत राहिले.

एक गाल. दुसरा गाल. आभाळाकडे बघितलं. कमळने डोळे मिटले.

"काय चाचा?" धर्माने विचारलं.

"काय नाय."

"काय नाय म्हंजे?"

"म्हणजे काय नाय! काय लागत नाय, चव नाय, कायच नाय. नुसता बर्फ आहे." त्यांनी गिळलं. "बेचव."

आणि मग खलाशांकडे वळून, छत्री हलवत: "बघता काय? भरा! अकराच्या अकरा!"

धक्क्यावर जो ओरडा झाला त्याने आगरदांड्याच्या बाजूची कुत्रीसुद्धा भुंकली. लाद्या घसरगुंडीवरून क्रशरमध्ये गेल्या, चुरा होऊन होड्यांच्या पोटात पडायला लागल्या. कमळने चावी कमरेला लावली आणि चहाचं मोठं पातेलं चढवलं. ह्या वेळी माणसंही तेवढी होती.

चाचा प्राप्तीजवळ आले. "उझैरला सांग, त्याचं काम झालं."

"कोण उझैर?" प्राप्ती म्हणाली.

"बेटी, तो मलापण अकरा मिनिटांचेच निरोप पाठवतो. गाजर तुझं सातव्या मिनिटाला आलं होतं, कालवणाच्या मागून." ते हसले. "मी पूर्ण ऐकतो. म्हातारपणी दुसरं काम काय?"

मग ते गाजराभोवती एक चक्कर मारून आले आणि आवाज जरा खाली आणून धर्माला म्हणाले, "धर्माभाई, ती वाईट लादी मला दाखवायची काय गरज होती? मी तर चांगलीच निवडली होती."

"नुसती चांगली दाकवली असती तर तुमी म्हनला असता, आज नशीब. उद्या परत संशय. आता म्हाईत हाय तुमाला, कशानं बिगडतं, कशानं सुदरतं. आता बिगडलं तर मना येऊन सरळ इचारा, वॉल कुनी फिरवला."

चाचांनी मान डोलावली. थोडा वेळ गाजराला कान लावून उभे राहिले. "आमच्या मशिदीच्या हौदात पण वाळू येते. नमाजाआधी वजू करताना पायाला लागते. असलं एक छोटं गाजर तिथे बसेल?"

"बसंल की," धर्मा म्हणाला. त्याने छाती जरा पुढे काढली. "मी येतो लावायला. पन यक आधीच सांगून ठेवतो चाचा. तुमची मानसं मायेनं वॉल बारीक करतील. करू द्यायची न्हाय. पान्याला पलवायचं."

प्राप्तीने दुसरीकडे तोंड केलं, म्हणजे हसता येईल.

*

भांड्यात निघालेल्या वाळूची बादली दुपारपर्यंत टाकीजवळच होती. मग धर्माने ती उचलली, कोपऱ्यातला पिण्याच्या पाण्याचा माठ बाजूला केला, त्याच्याखालची जुनी काळपट वाळू काढून टाकली आणि नवी लाल पसरली. माठ परत ठेवला, हलवून नीट बसवला.

कमळने त्यातलं पेलाभर पाणी घेतलं.

"गार आहे," ती म्हणाली.

"आसनार," धर्मा म्हणाला. "ह्ये पानी निजलेलं हाय."